घोरासुराचा घाम

घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला रंग लागत नाही. लागला तर टिकत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं रंगवून मी कमावलेली विद्या एवढीच. बाकी सगळा डिंक, पावडर आणि खोट्या मिशा.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरची ती पाच-सात वर्षं. कोल्हापुरात तेव्हा सिनेमे निघत आणि अशाच एका स्टुडिओत मी रंगभूषा करायचो. मला सगळे दत्तूदादा म्हणत. लोकांना वाटतं, रंगभूषा करणारा म्हणजे माणसाला देखणं करणारा. साफ चूक. सिनेमा काळा-पांढरा, आणि त्या कॅमेऱ्याला लाल रंग काळा दिसायचा. ओठ लाल रंगवले की पडद्यावर नायिका जांभळं खाऊन आल्यासारखी दिसे. म्हणून मी सगळ्यांना पिवळट फासायचो. आमच्या नायकाला एकदा मुलीकडचे लोक थेट स्टुडिओतच बघायला आले. माझ्या खोलीतून तो बाहेर पडला तशी मुलीच्या काकांनी त्याला बाजूला घेऊन काविळीवरचं औषध देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. सोयरीक मोडली. नायक पुढं सहा महिने माझ्याशी बोलत नव्हता.

तर आमचा खरा शत्रू घाम. घामाचे दोन प्रकार असतात. दिव्यांच्या उष्णतेचा घाम कपाळावर येतो, तो टिपला की काम भागतं. भीतीचा घाम वरच्या ओठावर येतो आणि टिपला की दुप्पट येतो. मिशीचा डिंक नेमका तिथंच लावलेला असतो. युद्धाला निघालेल्या एका सेनापतीची मिशी ऐन गर्जनेत सुटली आणि घोड्याच्या मानेवर जाऊन बसली. घोड्याला ती जास्त शोभत होती, पण दिग्दर्शकांना ते पटलं नाही.

तेव्हा माणसाला आधी निवांत करायचं आणि मग रंगवायचं, अशी माझी पद्धत पडली. ती कुणी शिकवली नाही. माझा डॉक्टर पुतण्या आता मला मज्जासंस्था समजावून सांगतो, कुठली नस कुठून कुठं जाते ते कागदावर काढून दाखवतो. आम्हाला नस माहीत नव्हती, माणूस माहीत होता.

आमच्याकडे राजमातेची कामं करणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. दिवे लागले की अक्कांचे हात लटलट कापत. मी त्यांच्यापुढं आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं सूप निवडायला ठेवायचो. चार खडे वेचून होईतो हात थांबलेले असत. पुढं पुढं तर सबंध स्टुडिओ आपापल्या घरचं धान्य निवडायला अक्कांकडं आणून टाकू लागला. खलनायकाचं काम करणारे गृहस्थ कागलचे. त्यांना तलवारीची भीती वाटे. मी त्यांच्या गालाला पावडर लावता लावता सहज म्हणायचो, "कागलकडची मानसं जरा भित्रीच, न्हाय का?" मग पाच मिनिटं ते स्टुडिओ डोक्यावर घेत. माझ्या सात पिढ्या काढून झाल्या की आतली सगळी भीती वाफेसारखी निघून गेलेली असे आणि गृहस्थ शांतपणे लढायला जात. आणि नायकाला मी थंड पाण्याची बादली दिली होती. सिंहासनावर बसायचं, कॅमेरा कमरेच्या वर, पाय खाली बादलीत. उत्तम चालायचं. एकदा मात्र दिग्दर्शकांना अचानक सुचलं की महाराजांनी उठून दरबारात फेरी मारावी. महाराज उठले. उजवा पाय बादलीतून निघाला नाही.

पण सगळ्यांवर चालणारा उपाय म्हणजे श्वास. 'घाबरू नका' असं चुकूनही म्हणायचं नाही, त्यानं न घाबरलेला माणूससुद्धा घाबरतो. आपण नुसतं कपाळावर हात ठेवायचा आणि स्वतःचा श्वास लांब, सावकाश सोडत राहायचं. दहा-बारा श्वासांत समोरच्याचा श्वास आपल्या मागून चालू लागतो.

आता खरं सांगायचं तर ज्याच्या श्वासामागून सगळा स्टुडिओ चालत होता, तो स्वतःच सगळ्यांत घाबरट होता. नोकरी जाईल ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. तळहाताला घाम यायचा, तो मी पावडरीच्या डब्यात हात घालून लपवायचो. बायको म्हणायची, "तुमी झोपेत बी रंग लावताय. काल माझ्या कपाळाला लावलासा." एवढ्या लोकांना निवांत केलं, पण स्वतःवर एकही उपाय चालला नाही.

आणि अशात मी धोंडिबा गुळव्याला घेऊन आलो.

झालं असं की दिग्दर्शक अण्णासाहेब एक पौराणिक चित्र काढत होते. म्हणजे पौराणिक कपड्यांचं. कथा कुठल्याच पुराणात नव्हती. त्यात घोरासुर नावाचा एक राक्षस होता, तो शंभर वर्षं झोपलेला असतो. राजाचं सैन्य ढोल वाजवून, शिंगं फुंकून, हत्तीकडून ओढून त्याला उठवतं. मग तो उठतो आणि गर्जना करतो. एवढंच काम. पण त्याला माणूस डोंगराएवढा पाहिजे. असा माणूस मी कोडोलीच्या एका गुऱ्हाळावर पाहिला होता. धोंडिबा तिथला गुळव्या. उसाचा रस ज्या भल्या थोरल्या कढईत उकळतात तिला काहील म्हणतात. त्या काहिलीपाशी उभं राहून गूळ कधी झाला ते सांगणारा कारागीर म्हणजे गुळव्या. दाराला आडवा उभा राहिला तर आत अंधार व्हावा असा त्याचा देह, आणि स्वभाव गाईचा. मी अण्णासाहेबांना म्हणालो, हा माणूस माझ्या जबाबदारीवर घ्या.

चित्रणाच्या दिवशी सकाळीच गुळाच्या ट्रकातून अर्धी कोडोली येऊन उतरली. धोंडिबाला झोपलेला बघायला! घरी तो रोज झोपत होता, तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्याची बायको हिराबाई पुढंच बसली होती, डोक्यावर पदर घट्ट ओढून, ट्रकातून आणलेली गुळाची ढेप मांडीशी धरून. धोंडिबानं रात्रंदिवस गावात सांगितलं होतं की मी सिनेमात जाणार. आता हसं झालं तर कोडोलीत तोंड दाखवायला जागा नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

हत्तीण एका जहागीरदारांकडून मागून आणलेली. लाडूबाई तिचं नाव. तिला दिवेलागणीच्या आत परत पोचवायची होती, ती अंधाराला भ्यायची. म्हणजे जे काय व्हायचं ते चार वाजायच्या आत.

मी धोंडिबाला रंगवलं. पुठ्ठ्याची शिंगं, बोकडाच्या केसांच्या मिशा. त्याला आडवा केला आणि दिवे लागले. लगेच पापण्या फडफडायला लागल्या. पोट भात्यासारखं वरखाली. मग उचकी. मग वरच्या ओठावर तो घाम, आणि मिशी सावकाश घसरत गालावरून कानाकडं निघाली.

"कट!" अण्णासाहेब ओरडले. "दत्तू, हिकडं ये. ह्यो राक्षस हाय का नवी नवरी? हत्तीण चारला जायाची हाय. तंवर ह्यो निपचित पडला तर ठीक. न्हायतर ह्याला ट्रकात घाल आणि तू बी त्याच ट्रकात बस. पुण्याचा एक रंगवणारा कवाधरनं माझ्या दारात बसलाय!"

धोंडिबा माझ्या खुर्चीत येऊन बसला, खुर्ची कळवळली. "दादा," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी डोळं मिटलं की समदी माझ्याकडंच बघत्यात असं वाटतंया."

बघतच होते.

मी माझी सगळी विद्या बाहेर काढली. घनसाळ तांदळाचं सूप दिलं. राक्षसाच्या पुठ्ठ्याच्या नखांनी एक दाणा उचलला जाईना. बादली आणली. त्याच्या पायाचा अंगठा तेवढा बादलीत मावला. मग मी भांडण काढलं. म्हणालो, "कोडोलीचा गूळ म्हंजे नुसती माती. त्वांडात धरवत न्हाय."

त्यानं खाली मान घातली. "व्हय दादा. औंदा जरा खारवटच आलाय. चूक माझीच हाय."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? शेवटी मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि माझा तो प्रसिद्ध श्वास सुरू केला. आठ-दहा श्वास झाले असतील. धोंडिबानं डोळे उघडून माझ्याकडं काळजीनं पाहिलं.

"दादा, तुमच्या छातीत घरघर हाय. अडुळसा घ्या. आणि हात बी थरथरतोय की तुमचा."

एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी हात झटकन पावडरीच्या डब्यात घातला. घड्याळात अडीच वाजले होते. बाहेर लाडूबाईनं दरबाराच्या दारावरचं केळीचं तोरण खायला घेतलं होतं. मला काही सुचेना, आणि काहीच सुचेना म्हणून मी विचारलं, "धोंडिबा, काहील चढवली की पयलं काय करतोस रं?"

"पयलं काय करायचं? जाळ घालायचा," तो म्हणाला. पुठ्ठ्याची नखं मांडीवर स्थिर झाली. "रस हळूहळू तापतोय. मळी वर येती. ती काढायची. घाई करायची न्हाय."

"मग?"

"मग उकळी येती. रट, रट, रट. ती ऐकायची. डोळ्यांनी न्हाय कळत दादा, कानानं कळतं." आणि तो तोंड मिटून घशात रटरट करायला लागला. जाड, संथ, लांब आवाज. खुर्चीसुद्धा त्याबरोबर घुमायला लागली. मी त्याच्या ओठावर बोट फिरवलं. कोरडं ठक्क!

मी त्याला तसाच हाताला धरून चालवत नेला, आडवा केला, मिशी चिकटवली आणि कानाशी बसलो. "आता रस दाट झाला का?"

"झाला."

"थेंब पाण्यात टाकून बघितलास?"

"बघितला. गोळी झाली."

"मग आता?"

"आता काय. काहील उतरवायची."

"उतरव," मी म्हणालो.

आयुष्यात माझ्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक ही. पण त्या घटकेला मला ती माझी सगळ्यात मोठी हुशारी वाटत होती. धोंडिबानं एक लांब सुस्कारा टाकला. अंग सैल पडलं. आणि असं घोरणं सुरू झालं की आवाज टिपणारा माणूस कानावरची यंत्रं काढून बाजूला झाला.

अण्णासाहेब आनंदानं नाचायचे बाकी होते. कॅमेरा फिरू लागला. सैनिकांनी कानाशी ढोल बडवले, धोंडिबा हलला नाही. शिंगं फुंकली, हलला नाही. लाडूबाईनं सोंडेनं पाय धरून त्याला हातभर ओढला, तो नुसता कुशीवर वळला. मी चिकटवलेल्या मिशीचा एक केस जागचा हलला नाही. असा राक्षस हिंदुस्थानात झाला नव्हता.

"शाब्बास! आता ऊठ!" अण्णासाहेब ओरडले.

धोंडिबा घोरत होता.

"धोंडिबा, ऊठ म्हनतोय न्हवं!"

मी हलवलं. चार सैनिकांनी हलवलं. तोंडावर पाणी मारलं, त्यात माझा रंग गेला, तो मी झोपलेल्यालाच पुन्हा लावला. साडेतीन झाले. माहुतानं लाडूबाईची साखळी आवळायला घेतली. उठण्याचा आणि गर्जनेचा प्रसंग हत्तिणीसकटच घ्यायचा होता, आणि तो नसेल तर आधीचं सगळं चित्रण कुचकामी. आता अण्णासाहेबांच्याच वरच्या ओठावर घाम आला. मी सवयीनं त्यांच्यापुढं तांदळाचं सूप धरलं. त्यांनी ते लाथेनं उडवलं. अक्का भुईवर बसून तांदूळ गोळा करायला लागल्या, त्या तेवढ्या शांत होत्या.

हिराबाई उठून माझ्याकडं आली. आवाज खाली ठेवणं तिला ठाऊक नव्हतं.

"काय सांगितलासा वो त्यास्नी?"

"काय न्हाय. काहील उतरव म्हनलो."

सगळ्या कोडोलीनं कपाळाला हात लावला.

"आवं, काहील उतरवल्यावं ह्यो मानूस उठतोय व्हय कुनाला? शेवटची काहील उतरली की गुळव्याचं काम सपलं. मागल्या साली सासरा वारला तवा बी उठला न्हाय! रटरटतीय तंवरच थांबायचं की!"

"मग आता?" मी विचारलं.

तिनं क्षणभर नवऱ्याकडं पाहिलं, हत्तिणीकडं पाहिलं, अण्णासाहेबांकडं पाहिलं. मग जागेवरची ढेप उचलून आणली आणि मला म्हणाली, "तुमच्याकडं शेगडी हाय?"

मिशांचं मेण वितळवायला माझ्याकडं शेगडी होतीच. हिराबाईनं तिच्यावर तव्याएवढी झाकणी ठेवली, गुळाचा खडा फोडून टाकला आणि जाळ वाढवला. "ते तुमचं यंत्र फिरवा म्हनावं," तिनं दिग्दर्शकांना फर्मावलं. अण्णासाहेबांना आयुष्यात कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं खूण केली. गूळ आधी पाघळला, मग तांबूस झाला, मग काळा पडला, आणि करपल्या गुळाचा तो तिखट वास घोरासुराच्या नाकाशी गेला.

घोरणं थांबलं. नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले, आणि असे उघडले की मी इतकी वर्षं डोळे रंगवले ते सगळे फुकट गेले असं मला वाटलं. पुठ्ठ्याची शिंगं सावरत, दोन सैनिकांना अंगावरून झटकत धोंडिबा उभा राहिला आणि सबंध छाती भरून गरजला, "जाळ काढाऽऽ! काहील करपली! कोन हाय रं चुलीवर?"

सैनिक खरोखरच पळाले. लाडूबाईनं सोंड वर करून त्याच्या दुप्पट आवाजात उत्तर दिलं, आणि मग गुळाचा वास तिच्याही लक्षात आल्यामुळे ती शांतपणे येऊन उरलेली ढेप खाऊ लागली. अण्णासाहेब 'कट' म्हणायचंच विसरले.

थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले. डोळ्यांत पाणी होतं. "दत्तू, लेका, हे समदं ठरवून केलंस?"

"म्हंजे काय, अण्णासाहेब," मी म्हणालो.

ही थाप मी आजवर सांभाळली. नोकरी राहिली, वर शाबासकी मिळाली, पुण्याच्या माणसाला परतीची गाडी धरावी लागली. श्रेय हिराबाईचं होतं, आणि ते मी तेव्हा तिला दिलं नाही. याची मला लाज वाटते, म्हणून आज इथं सांगून टाकतो.

चित्र फार चाललं नाही. गर्जनेवर ढोल चढवल्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते, नुसतं तोंड हलताना दिसे. पण कोल्हापुरात पहिल्या दिवशी अर्धं थिएटर कोडोलीचं. घोरासुरानं पडद्यावर डोळे उघडले मात्र, आणि अख्ख्या थिएटरानं एका सुरात आरोळी ठोकली, "काहील करपलीऽऽ!" बाकीच्या प्रेक्षकांना काय झालं ते कळेना. हे मला बायकोनं सांगितलं. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. स्वतःचं काम पडद्यावर बघायचं धाडस मला कधीच झालं नाही.

धोंडिबा बाहेर आला आणि माझ्याशेजारी बसला. माझ्या हातांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, गुऱ्हाळ सुरू झालं की या. म्या सांगतोय म्हनून या."

गेलो. दुपारची वेळ होती. त्यानं मला काहिलीसमोर उसाच्या पाचटावर बसवलं आणि स्वतः कामाला लागला. मळी वर येत होती, तो काढत होता. रस रटरटायला लागला. मी म्हटलं, पाच मिनिटं ऐकावं.

जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळं गुऱ्हाळ माझ्याभोवती गोळा होऊन हसत होतं. हिराबाईनं घासलेली परात माझ्यापुढं धरली. तिच्यात मला माझं तोंड दिसलं. कपाळाला राख फासलेली, आणि नाकाखाली काजळीनं ओढलेल्या दोन भल्यामोठ्या झुपकेदार मिशा.

"दोन काहिली उतरल्या, तरी पत्ता न्हाय तुमचा," धोंडिबा म्हणाला. मग वाकून त्यानं माझ्या वरच्या ओठाकडं निरखून पाहिलं, अगदी मी बघायचो तसं. "चुलीच्या त्वांडाशी निजलायसा, तरी एक थेंब घाम न्हाय बघा."

कोल्हापूरच्या मोटारीत मी त्या मिशांसकटच बसलो. घरी पोचेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.